रेण्वीय स्थायू आणि त्यांना धरून ठेवणारी बले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला विज्ञान शाखेत आलेले विद्यार्थी, तसेच लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत नीट व सीईटीची तयारी करणारी मुले स्थायू अवस्थेच्या प्रकरणावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांपैकी काही येथे उत्तरांसह दिले आहेत. मधले दोन-तीन प्रश्न शेतकरी पालकांचे आहेत. ते अभ्यासक्रमात बसत नाहीत, पण विषयाच्या गाभ्याला हात घालतात, म्हणून ते वगळलेले नाहीत. तापमाने सर्वत्र अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

रेण्वीय स्थायू म्हणजे नेमके काय?

ज्या स्थायूच्या स्फटिकात प्रत्येक जागी एक अख्खा रेणू बसलेला असतो, आणि त्या रेणूला शेजारच्या रेणूंनी धरून ठेवणारे बल त्याच्या स्वतःच्या आतील बंधांच्या मानाने फार दुबळे असते, त्याला रेण्वीय स्थायू म्हणतात. बर्फ, साखर, युरिया, गंधक, कापूर, डांबरगोळी, आयोडीन, मेण आणि पॅरासिटामॉल हे सगळे याच वर्गातले. खूप थंड केल्यावर गोठलेला अरगॉनही याच वर्गात धरतात. त्याचा प्रत्येक अणू एकटाच असतो, परंतु अणूंना एकत्र ठेवणारे बल मात्र तेच असते.

मग मीठ, तांबे किंवा दगड या वर्गात का येत नाहीत?

कारण त्यांच्यात वेगळा काढून दाखवता येईल असा रेणूच नसतो. मिठाच्या स्फटिकात सोडिअमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन आलटून पालटून बसलेले असतात आणि एका सोडिअमभोवती सहा क्लोराइड असतात, त्यामुळे कोणता सोडिअम कोणत्या क्लोराइडचा हे सांगताच येत नाही. तांब्यात धातूचे आयन आणि त्यांच्यामधून मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात. वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या बेसाल्टमध्ये कोरले आहे, त्यातील खनिजांत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे बंध एकात एक गुंफत संपूर्ण स्फटिकभर पसरलेले असतात. तो खडक वितळवायचा तर हे बंधच ढिले करावे लागतात, आणि त्यासाठी साधारण हजार अंशांच्या पुढे जावे लागते. मीठ 801 अंशांना वितळते. याउलट डांबरगोळीतील नॅप्थॅलीन 80 अंशांना, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला वितळते.

बर्फ वितळला किंवा पाणी उकळले म्हणजे पाण्याचे रेणू तुटले का?

नाही. या पानावरील इतर सर्व उत्तरे एकीकडे ठेवली आणि हे एकच नीट समजले, तरी प्रकरणाचा मोठा भाग हाती लागतो. उत्तरपत्रिकांत ‘पाणी उकळल्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात’ असे वाक्य दरवर्षी सापडते. ते वाक्य खरे असते, तर चुलीवर भाताचे आधण ठेवणे हे धाडसाचे काम ठरले असते.

आकडे पाहावेत. पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजनचे दोन सहसंयुज बंध (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेले बंध) असतात, आणि एक मोल पाण्यातील (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या; पाण्याचे एक मोल सुमारे 18 ग्रॅम) हे सर्व बंध तोडायला सुमारे 926 किलोज्यूल ऊर्जा लागते. एक मोल बर्फ वितळवायला मात्र केवळ 6 किलोज्यूल, आणि उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे 41 किलोज्यूल पुरतात. बर्फाची थेट वाफ करायची म्हटली तरी सुमारे 51 किलोज्यूल लागतात. म्हणजे रेणूंना एकमेकांपासून पूर्णपणे सोडवण्याचा खर्च हा रेणू फोडण्याच्या खर्चाच्या सहा टक्क्यांपेक्षाही कमी आहे. वाफेतही पाण्याचे रेणू जसेच्या तसे असतात, सुटतात ते फक्त त्यांचे परस्परांतील हात.

म्हणून रेण्वीय स्थायूंचा विचार करताना दोन बलांचा हिशेब कायम वेगळा ठेवावा: एक रेणूच्या आतले, जे त्याचे रासायनिक गुणधर्म ठरवते, आणि दुसरे रेणू-रेणूंमधले, ज्याला आंतररेण्वीय बल म्हणतात आणि जे द्रवणांक, उत्कलनांक, कठीणपणा व विद्राव्यता ठरवते. आयोडीनच्या रेणूतील बंध तोडायला मोलमागे सुमारे 151 किलोज्यूल लागतात, तर आयोडीनच्या स्फटिकातून रेणू मोकळे करायला सुमारे 62 किलोज्यूल. येथे दोहोंतील अंतर पाण्याइतके मोठे नाही, तरीही परीक्षानळी गरम केल्यावर वर जाणारी जांभळी वाफ ही आयोडीनच्या रेणूंचीच असते.

ही आंतररेण्वीय बले किती प्रकारची असतात?

पुस्तकात तीन प्रकार दिलेले असतात आणि अभ्यासाला ते सोयीचे आहेत. ज्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते, अशा ध्रुवीय रेणूंमध्ये विरुद्ध टोके एकमेकांना ओढतात. हे द्विध्रुव-द्विध्रुव आकर्षण झाले. ज्या रेणूंना अशी कायमची टोके नसतात, त्यांच्यातही क्षणिक टोके निर्माण होऊन आकर्षण होते. त्याला लंडन बल म्हणतात. तिसरा प्रकार हायड्रोजन बंधाचा. पहिल्या दोन प्रकारांना मिळून नेदरलँड्सचे योहानेस व्हॅन डर वाल्स यांचे नाव दिले जाते. रेणूंमध्ये आकर्षण असते हे गृहीत धरून वायूंचे समीकरण त्यांनी 1873 मध्ये आपल्या प्रबंधात मांडले होते, आणि 1910 मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या तीन प्रकारांच्या क्रमामुळे मात्र एक गैरसमज पक्का होतो. लंडन बल ‘सर्वांत दुबळे’ असे लिहिलेले असते, म्हणून ध्रुवीय रेणूंच्या बाबतीत विद्यार्थी ते हिशेबातच धरत नाहीत. प्रत्यक्षात लंडन बल प्रत्येक रेणूत असते, आणि बहुतेक रेण्वीय स्थायूंमध्ये आकर्षणाचा मोठा वाटा त्याचाच असतो. याचा पुरावा हायड्रोजन हॅलाइडांच्या, म्हणजे हायड्रोजन आणि क्लोरीन, आयोडीन यांसारख्या हॅलोजनांच्या संयुगांच्या, उत्कलनांकांत आहे. हायड्रोजन क्लोराइडचा रेणू हायड्रोजन आयोडाइडपेक्षा अधिक ध्रुवीय असतो. केवळ ध्रुवीयतेवर सारे अवलंबून असते तर क्लोराइड अधिक तापमानाला उकळायला हवे होते. पण हायड्रोजन क्लोराइड उणे 85 अंशांना आणि हायड्रोजन आयोडाइड उणे 35 अंशांना उकळते, कारण आयोडीनचा अवाढव्य इलेक्ट्रॉन मेघ कमी ध्रुवीयतेची भरपाई लंडन बलाने सव्याज करतो.

सर, रेणूवर प्रभारही नाही आणि त्याला धन-ऋण टोकेही नाहीत, मग ओढ येते कुठून?

प्रश्न अगदी रास्त आहे. 1930 पर्यंत शास्त्रज्ञांकडेही याचे समाधानकारक उत्तर नव्हते. फ्रिट्झ लंडन यांनी ते पुंजयांत्रिकीच्या, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या वागणुकीचे नियम सांगणाऱ्या शास्त्राच्या, आधारे दिले. रेणूतील इलेक्ट्रॉन सरासरीने सगळीकडे सारखे पसरलेले असले, तरी कोणत्याही एका क्षणी ते एका बाजूला किंचित जास्त असू शकतात. त्या क्षणापुरता रेणू द्विध्रुव बनतो, शेजारच्या रेणूतील इलेक्ट्रॉनांना त्यानुसार ढकलतो किंवा ओढतो, आणि दोघांच्या हालचालींचा मेळ बसून निव्वळ आकर्षण शिल्लक राहते.

या बलाची दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवावीत. पहिले, ते अंतराबरोबर झपाट्याने घटते: आकर्षणाची ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की ऊर्जा 64 पट कमी होते. त्यामुळे रेणू एकमेकांना किती चिकटून बसू शकतात याला फार महत्त्व येते. दुसरे, इलेक्ट्रॉन जितके जास्त आणि जितके सैल, तितके हे बल मोठे. हॅलोजनांच्या कुटुंबात ते सरळ दिसते. फ्लोरीन उणे 220 अंशांच्या आसपास, क्लोरीन उणे 101 अंशांच्या सुमारास, ब्रोमीन उणे 7 अंशांना आणि आयोडीन 114 अंशांच्या जवळ वितळते. चारही रेणू सारखेच दोन अणूंचे व पूर्णपणे अध्रुवीय आहेत, तरी नेहमीच्या तापमानाला पहिले दोन वायू, तिसरे द्रव आणि चौथे स्थायू. हेलिअमकडे दोनच इलेक्ट्रॉन आणि तेही घट्ट धरलेले, म्हणून साध्या वातावरणीय दाबाला ते कितीही थंड केले तरी गोठत नाही. त्यासाठी सुमारे 25 पट दाब द्यावा लागतो.

हायड्रोजन बंध हा बंध आहे की आकर्षण?

दोन्हींच्या मधले काहीतरी. फ्लोरीन, ऑक्सिजन किंवा नायट्रोजन यांच्याशी जोडलेल्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन त्या अधिक विद्युतऋण (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणाऱ्या) अणूकडे ओढले जातात, आणि उघडा पडलेला हा हायड्रोजन शेजारच्या रेणूतील इलेक्ट्रॉनांच्या एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेल्या, जोडीकडे झुकतो. त्याची ताकद बहुधा मोलमागे 10 ते 40 किलोज्यूल असते आणि त्याला ठरावीक दिशा असते. दिशा असणे हेच त्याचे वेगळेपण. पाण्यासारखीच रचना असलेला हायड्रोजन सल्फाइड उणे 60 अंशांना उकळतो आणि पाणी 100 अंशांना, ही तफावत या बंधामुळे पडते.

बर्फ पाण्यावर तरंगतो, याचा या बलांशी काय संबंध?

थेट संबंध आहे. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू बरोबर चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेला असतो, आणि हे चार बंध ठरावीक कोनांतच होत असल्याने रेणूंना दाटीवाटीने बसता येत नाही. षटकोनी पोकळ्या असलेली, बरीच जागा रिकामी ठेवणारी रचना तयार होते. बर्फ वितळताना या रचनेचा काही भाग कोसळतो, काही रेणू पोकळ्यांत शिरतात आणि घनता वाढते. बर्फाची घनता घन सेंटीमीटरला सुमारे 0.917 ग्रॅम, पाण्याची सुमारे 1 ग्रॅम, आणि ती सर्वाधिक असते 4 अंशांना. बहुतेक रेण्वीय स्थायू आपल्याच द्रवात बुडतात, म्हणून येथे बर्फ हा अपवाद आहे.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेल्या गारपिटीची आठवण काढून, गारही असाच स्थायू आहे का, असे विचारले जाते. गार बर्फाचीच असते. ती कापून पाहिली तर काचेसारखे आणि दुधाळ असे थर एकाआड एक दिसतात. दुधाळ थरांत हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात. एक किलो गारा वितळायला 334 किलोज्यूल उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापले असते, म्हणून शेतात साचलेला गारांचा खच ऊन पडल्यावरही लगेच वितळून जात नाही.

युरिया पाण्यात घोळताना हाताला गार का लागतो, आणि पावसाळ्यात पोत्यात त्याचे ढेकूळ का होते?

युरियाचा रेणू चपटा असून त्यात एक ऑक्सिजन आणि दोन अमाइन गट असतात. स्फटिकात एका रेणूचा ऑक्सिजन शेजारच्या रेणूंकडून तब्बल चार हायड्रोजन बंध स्वीकारतो. इतक्या लहान रेणूचा स्थायू 133 अंशांपर्यंत टिकतो तो या जाळ्यामुळे. युरिया विरघळताना हे जाळे सोडवावे लागते आणि त्याच वेळी पाण्याचे रेणू युरियाशी नवे बंध करतात. या दोहोंची वजावट होऊन थोडी तूट उरते, ती पाण्यातील उष्णतेतून भागते, आणि पाणी थंड पडते. ही तूट एका ग्रॅममागे सुमारे 250 ज्यूल आहे. कपाशीवर 2 टक्के युरिया फवारताना दहा लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया पडतो. हिशेब केला तर पाणी जेमतेम एका अंशाने थंड होते, ते हाताला कळतही नाही. तोच युरिया आधी बादलीत थोड्या पाण्यात घोळला, तर मात्र गारवा स्पष्ट लागतो.

ढेकळाचे कारणही तेच, फक्त पाणी हवेतून येते. 30 अंश तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 70 ते 75 टक्क्यांच्या पुढे गेली की युरियाचे दाणे बाष्प ओढू लागतात, पृष्ठभागावर दाट द्रावणाचा पातळ थर तयार होतो, आणि उघडीप पडून ते सुकले की नव्याने झालेले स्फटिक एका दाण्याला दुसऱ्याशी जोडून टाकतात. फोडलेले पोते तोंड बांधून, जमिनीपासून उंच लाकडी फळीवर ठेवण्याचा सल्ला यासाठीच असतो.

साखर वितळण्याऐवजी करपते, असे का?

साखरेच्या म्हणजे सुक्रोजच्या एका रेणूत आठ हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, आणि स्फटिकात त्यांपैकी बहुतेक हायड्रोजन बंधांत गुंतलेले असतात. एकेक बंध दुबळा, पण त्यांची बेरीज एवढी होते की स्फटिक मोडण्यासाठी 186 अंशांच्या आसपास तापवावे लागते, आणि तोवर रेणूच्या आतील बंधही तुटू लागतात. म्हणजे वर सांगितलेले दोन हिशेब येथे एकमेकांत मिसळतात: स्फटिक सुटणे आणि रेणू मोडणे जवळपास एकाच वेळी घडते, आणि कढईत तपकिरी पाक दिसतो. साखरेला नेमका द्रवणांक सांगता येत नाही, पुस्तकागणिक आकडा थोडा बदलतो, त्याचे कारण हेच.

गुळाचा प्रश्न याला जोडूनच येतो. गुळात सुक्रोजबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि इतर द्रव्ये असतात. वेगळ्या आकाराचे हे रेणू सुक्रोजच्या स्फटिकवाढीत अडथळा आणतात, म्हणून गुळाचे खडीसाखरेसारखे स्वच्छ पैलू पडत नाहीत. शिवाय फ्रुक्टोजला पाण्याची ओढ फार, त्यामुळे आषाढ-श्रावणात ढेप पाझरू लागते.

कापूर आणि डांबरगोळी कुठे जातात?

हवेत. त्यांचे रेणू परस्परांना मुख्यतः लंडन बलानेच धरून असतात, आणि पृष्ठभागावरील एखादा रेणू नेहमीच्या तापमानालाही पुरेशी ऊर्जा मिळताच थेट वायूत निसटतो. याला संप्लवन म्हणतात. नॅप्थॅलीनसाठी ही ऊर्जा मोलमागे सुमारे 72 किलोज्यूल आहे. त्यावरून गणित मांडले तर 25 अंशांच्या मानाने 42 अंशांना डांबरगोळीचा बाष्पदाब सुमारे पावणेपाच पट होतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरातील ट्रंकेत ठेवलेल्या गोळ्या दिवाळीतल्यापेक्षा लवकर का संपतात, हे त्यातून कळते. या वाफा निरुपद्रवी नाहीत. विशेषतः तान्ह्या बाळांमध्ये जीसिक्सपीडी या विकराची कमतरता असेल तर नॅप्थॅलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात, म्हणून बाळाच्या कपड्यांत व दुपट्यांत डांबरगोळ्या ठेवू नयेत.

तुळजापूरला आरतीत जळतो त्या कापराची गंमत आणखी निराळी आहे. त्याचा रेणू जवळजवळ चेंडूसारखा गोल असल्याने तो स्फटिकात आपली जागा न सोडता फिरत राहू शकतो. स्थायू असतानाच रेणूंना इतकी मोकळीक असते की वितळल्यावर त्यांना फारसे नवे स्वातंत्र्य मिळत नाही, आणि म्हणून कापराचा द्रवणांक त्याच्या रेणूच्या आकारमानाच्या मानाने बराच वर, 175 अंशांच्या पुढे आहे. कापराची वडी नखाने दाबली तर खडीसाखरेसारखी तडकत नाही, मऊ दबते.

हिवाळ्यात खोबरेल गोठते, मग करडईचे तेल का गोठत नाही?

हा प्रश्न परभणीच्या एका पालकांचा आहे आणि आम्हाला तो सर्वांत आवडतो, कारण केवळ बलांची नावे पाठ करून त्याचे उत्तर देता येत नाही. दोन्ही तेलांचे रेणू एकाच घडणीचे आहेत: ग्लिसरॉलला जोडलेल्या तीन मेदाम्लांच्या लांब शृंखला. दोन्हींत मुख्य आकर्षण लंडन बलाचे. उलट करडईच्या शृंखला 18 कार्बनच्या आणि खोबरेलातील निम्म्याच्या आसपास शृंखला केवळ 12 कार्बनच्या, म्हणजे बल खरे तर करडईत जास्त हवे. तरीही खोबरेल 24-25 अंशांच्या खाली घट्ट होते आणि करडईचे तेल परभणीच्या कडाक्याच्या थंडीतही बाटलीतून सरळ ओतता येते.

फरक शृंखलेच्या आकारात आहे. खोबरेलातील बहुतेक मेदाम्ले संपृक्त, म्हणजे शृंखलेत दुहेरी बंध नसलेली, असतात आणि त्यांच्या शृंखला सरळ. करडईत सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते, ज्याच्या शृंखलेत दोन दुहेरी बंध असून प्रत्येक ठिकाणी तिला बाक येतो. मोंढ्यात सारखी भरलेली पोती एकावर एक बिनफटीची थप्पी धरतात आणि वेडीवाकडी पोती मध्ये पोकळी सोडतात, तसेच येथे होते. आणि अंतर जरासे वाढले तरी लंडन बल किती घटते, हे वर आलेच आहे.

शंका उरू नये म्हणून 18 कार्बनचीच चार मेदाम्ले पाहावीत. सरळ शृंखलेचे स्टिअरिक आम्ल 69 अंशांना वितळते. मध्ये एक दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल 13 ते 16 अंशांना. दोन दुहेरी बंध असलेले लिनोलेइक उणे 5 अंशांना. आणि ओलेइकचेच सारे अणू घेऊन फक्त दुहेरी बंधाची मांडणी समपक्षऐवजी (शृंखलेचे दोन्ही भाग एकाच बाजूला) विपक्ष (विरुद्ध बाजूंना) केली, की शृंखला पुन्हा जवळपास सरळ होते आणि त्या इलाइडिक आम्लाचा द्रवणांक 45 अंशांजवळ जातो. अणू तितकेच, इलेक्ट्रॉन तितकेच, बलाचा प्रकारही तोच, आणि द्रवणांकात सुमारे 30 अंशांचा फरक. वनस्पती तूप बनवताना तेलात हायड्रोजन घालतात तो या बाकांची संख्या कमी करण्यासाठीच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण दिलेला आहे. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी त्या तेलाची आणि खोबरेलाची एकेक परीक्षानळी बर्फाच्या पाण्यात धरून दाखवावी, तासाभराच्या व्याख्यानाचे काम होते.

म्हणजे उत्कलनांक आणि द्रवणांक यांचे नियम वेगळे आहेत का?

काही अंशी होय. द्रवात रेणू अस्ताव्यस्तच असतात, म्हणून उत्कलनांक मुख्यतः एकूण आकर्षणावर ठरतो. द्रवणांकात मात्र रेणू स्फटिकात किती नीट बसतो हेही मोजावे लागते. पाच कार्बनचा सरळ पेंटेन 36 अंशांना उकळतो आणि त्याचाच गोलसर भाऊ निओपेंटेन 9.5 अंशांना, कारण गोल रेणूंचा एकमेकांना स्पर्श कमी. वितळण्यात हा क्रम उलटा होतो: पेंटेन उणे 130 अंशांना आणि निओपेंटेन उणे 17 अंशांना. क्रम लावण्याच्या प्रश्नांत ‘शाखा वाढली की कमी’ हा नियम डोळे झाकून द्रवणांकाला लावणाऱ्यांचे गुण येथेच जातात.

प्रयोगशाळेतील ॲसिटिक आम्लाची बाटली डिसेंबरात गोठलेली आढळते. ते खराब झाले का?

नाही. शुद्ध ॲसिटिक आम्ल 16.6 अंशांनाच गोठते. बाटली कोमट पाण्यात ठेवून, झाकण थोडे सैल करून सावकाश वितळवावी. ज्योतीवर धरू नये, कारण त्याची वाफ पेट घेते.

रेण्वीय स्थायूंमधून वीज वाहते का?

सामान्यतः नाही. मोकळे इलेक्ट्रॉन नसतात आणि आयनही नसतात. साखर वितळवून किंवा पाण्यात विरघळवूनही दिवा लागत नाही, मिठाच्या द्रावणात लागतो.

एकाच रेणूचे दोन वेगळे स्फटिक होऊ शकतात का?

होतात, आणि त्याचे परिणाम कधीकधी फार महागात पडतात. गंधकाचे रेणू आठ अणूंच्या कड्यांचे असतात. ही कडी नेहमीच्या तापमानाला एका पद्धतीने रचली जातात आणि 95.5 अंशांच्या वर दुसऱ्या. दोन्हींत कडे तेच, मांडणी निराळी. (जाता जाता: द्राक्षावरील भुरीसाठी वापरले जाणारे ‘पाण्यात मिसळणारे’ गंधक पाण्यात विरघळत नाही. अध्रुवीय कड्यांना पाण्याचे हायड्रोजन बंध तोडून आत शिरण्याइतके काही देता येत नाही, त्यामुळे त्याचे अतिबारीक कण फक्त तरंगत राहतात आणि फवारणीच्या वेळी पंप ढवळत राहावा लागतो.)

औषधांत या बहुरूपतेला फार महत्त्व आहे. एचआयव्हीवरील रिटोनाविर या औषधाच्या कॅप्सूल बाजारात आल्यानंतर 1998 मध्ये त्याचे आधी न दिसलेले, अधिक स्थिर स्फटिकरूप अचानक तयार होऊ लागले. नव्या रूपात रेणू एकमेकांना अधिक घट्ट धरून होते, म्हणून ते कमी विरघळत होते, आणि कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. रेणूत एका अणूचाही फरक नव्हता. रेणूंच्या परस्पर आकर्षणाचा विचार करून हवा तसा स्फटिक घडवण्याच्या शास्त्राला स्फटिक अभियांत्रिकी म्हणतात, आणि त्यात हैदराबाद विद्यापीठात व नंतर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या गौतम देसिराजू यांचे नाव जगभर घेतले जाते.

रेणू आत कसे बसले आहेत, हे कळते तरी कसे?

क्ष-किरणांच्या विवर्तनावरून, म्हणजे स्फटिकातून जाताना ते ठरावीक दिशांना कसे विखुरतात यावरून. स्फटिकातील रांगांवरून परतणाऱ्या किरणांचे ठिपके मोजून अणूंच्या जागा काढल्या जातात. यात भारताचा वाटा आरंभीच्या काळातला आहे: केदारेश्वर बॅनर्जी यांनी कोलकात्यात 1930 च्या सुमारास नॅप्थॅलीन व अँथ्रासीन यांच्या स्फटिकरचना काढल्या. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी हेक्सामिथिल बेंझीनच्या स्फटिकावरून बेंझीनचे कडे सपाट असते हे दाखवले होते. डांबरगोळीतील रेणूंची माशाच्या काट्यासारखी तिरकी मांडणी अशाच मोजमापांतून समोर आली.

ग्रॅफाइट कोणत्या वर्गात घालावे?

परीक्षेत जाळीदार सहसंयुज स्थायूंमध्ये, म्हणजे ज्यांत बंधांचे जाळे स्फटिकभर पसरलेले असते त्यांच्यात. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे थर असतात: थरातील कार्बन-कार्बन अंतर 1.42 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) आणि दोन थरांमधील 3.35 अँगस्ट्रॉम, म्हणजे थराच्या आत पक्के बंध आणि थराथरांत केवळ व्हॅन डर वाल्स बल. खरे पाहता अशा पदार्थांपुढे आपले वर्गीकरण थोडे तोकडे पडते, ते मान्य करून पुढे जावे. साठ कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूंचा फुलरीन मात्र निःसंशय रेण्वीय स्थायू आहे.

परीक्षेत रेण्वीय स्थायू ओळखण्याची काही खूण आहे का?

रासायनिक सूत्र पाहून घाई करू नये, एवढेच. कार्बन डायऑक्साइड आणि सिलिकॉन डायऑक्साइड यांची सूत्रे एका साच्यातली दिसतात आणि कार्बन व सिलिकॉन एकाच गणातले आहेत. पण कार्बनचा अणू लहान असल्याने तो ऑक्सिजनशी भक्कम दुहेरी बंध करतो, त्याची गरज दोन ऑक्सिजनांत भागते आणि सुटा रेणू तयार होतो. त्याचा स्थायू, म्हणजे कोरडा बर्फ, उणे 78.5 अंशांनाच संप्लवन पावतो. सिलिकॉनला असा दुहेरी बंध परवडत नाही, म्हणून तो चार ऑक्सिजनांशी एकेरी बंध करतो, प्रत्येक ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला जोडला जातो आणि ते जाळे 1,700 अंशांपर्यंत वितळत नाही. सूत्र वाचल्यावर ‘हा अणू शेजाऱ्याशी बंध करून थांबतो की पुढे जोडत जातो?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि मगच पर्यायावर खूण करावी.